कासवाची कातडी पांढरी पडून सुटते आहे, पोटावर लाल डाग. काय लावू?

चौथामजला | १२ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दगडू आहे. आफ्रिकन सुलकाटा जातीचं, जमिनीवर राहणारं कासव. वय चार वर्षं, लांबी २२ सेंटिमीटर, आज सकाळचं वजन २ किलो २९० ग्रॅम. धाकटा भाऊ परदेशी गेला तेव्हा, म्हणजे गेल्या जूनमध्ये, तो आमच्याकडे आला. नोंद आमच्या नावावर करून घेतली आहे, कागदपत्रं घरात आहेत.

डिसेंबरच्या मध्यापासून त्याच्या मानेवर आणि पुढच्या पायांच्या मुळाशी पातळ पांढरे पापुद्रे सुटायला लागले. थंडीमुळे असेल म्हणून आठवडाभर वाट पाहिली. मग पाठीवरच्या ढालींच्या, म्हणजे कवचाच्या चौकटींच्या, कडांना खडू फासल्यासारखा पांढरा थर दिसायला लागला. आणि परवा उचलून उलटं बघितलं तर पोटाकडच्या कवचावर मागच्या बाजूला गुलाबी-लालसर डाग, मागच्या पायांच्या आतली कातडी लाल. तेव्हापासून मला धड झोप नाही.

खातो आहे, पण आधीच्या निम्मंच. सासूबाई रोज रात्री त्याच्या पाठीला आणि मानेला खोबरेल लावतात, तान्ह्या बाळाला लावावं तशा मायेनं. त्यानं दोन तास बरं दिसतं, सकाळी पुन्हा तेच.

जवळच्या दवाखान्यात दाखवलं. तिथे मुख्यतः कुत्री-मांजरं येतात. त्यांचं म्हणणं, जीवनसत्त्व 'अ' कमी पडत असेल, त्याचं इंजेक्शन देऊ, आणि कातडीत किडे असतील तर म्हणून आयव्हरमेक्टिनही देऊन टाकू. उद्या संध्याकाळी सहाला बोलावलंय. कुणी कासव पाळणारं असेल तर कृपया आजच सांगा.

कूर्मगती | १२ जानेवारी, रात्री १०:५८

आयव्हरमेक्टिन देऊ नका. बाकी सगळं नंतर बोलू, पण हे आधी. गाई-म्हशींना, कुत्र्यांना ते सर्रास देतात, पण कासवांच्या बाबतीत ते विष आहे. अंग लुळं पडतं, श्वास थांबतो. जमिनीवरचं असो की पाण्यातलं, कुठल्याही कासवाला नाही. उद्याची वेळ रद्द करा.

चौथामजला | १२ जानेवारी, रात्री ११:०३

रद्द केली. दवाखान्याच्या नंबरवर मेसेज टाकला. हात कापताहेत माझे.

पशुवैद्य_उपनगर | १२ जानेवारी, रात्री ११:३५

चौथामजला ताई, मी पशुवैद्य आहे, बरीच वर्षं सरीसृपांचं काम करतो. फोटोसुद्धा न बघता निदान सांगणार नाही, पण वरचा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. कासवांना आयव्हरमेक्टिन नको, हे आमच्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलेलं असतं. मात्र रोज कुत्री-मांजरं बघणाऱ्या माणसाच्या हाताखालून कासव वर्षात एखादं जातं, त्यामुळे ते लक्षात राहत नाही. त्या डॉक्टरांना शांतपणे सांगा, म्हणजे पुढचं कासव वाचेल.

आता 'अ' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. त्याचा अभाव कासवांत होतो, पण तो प्रामुख्यानं पाण्यातल्या, नुसत्या सुक्या कोळंबीवर वाढवलेल्या कासवांत दिसतो, आणि त्यांच्या पापण्या सुजतात. हिरवा पाला खाणाऱ्या जमिनीवरच्या कासवात तो क्वचित. आणि इंजेक्शनचा डोस जास्त झाला तर काही दिवसांनी कातडी पापुद्र्यांनी नाही, पट्ट्यांनी सुटते. खालचं मांस उघडं पडतं, त्यात जंतू शिरतात. म्हणजे कातडी सुटते म्हणून दिलेल्या औषधानंच कातडी सुटायची. पिवळा-केशरी भोपळा, गाजराचा पाला यातून शरीर लागेल तेवढंच 'अ' तयार करून घेतं, तिथे डोस चुकायची भीती नाही.

तुमच्या लिहिण्यात मला तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. सुटणारी कातडी, पाठीवरचा थर, आणि पोटाची लाली. तिन्हींना एकच आजार समजू नका. त्यातली लाली मला सगळ्यात आधी बघावीशी वाटते. रक्तात जंतू पसरले की पोटाकडच्या कवचाखाली अशी लाली येते, आणि मग दिवस हातात नसतात. तो सुस्त आहे का? उचलल्यावर पाय जोरात आत ओढतो का? नाकातून, तोंडातून काही गळतं का? कवच कुठे मऊ लागतं, वास येतो?

चौथामजला | १३ जानेवारी, सकाळी ६:५०

पाय जोरात ओढतो. आत्ताच पाहिलं. नाक कोरडं, तोंड स्वच्छ, वास नाही, कवच सगळीकडे टणक. चालतो, पण पूर्वीसारखा अख्ख्या घरभर नाही. बाल्कनीतल्या कोपऱ्यात जास्त वेळ बसून असतो.

कूर्मगती | १३ जानेवारी, सकाळी ७:२०

थोडा जीव शांत झाला असेल तर आता सविस्तर लिहा. तो राहतो कुठे, खाली काय अंथरलंय, दिवा कुठला, कुठल्या पाण्यानं अंघोळ घालता, फरशी कशानं पुसता, काय खातो. कंटाळा न करता लिहा. अकरा वर्षांत माझ्याकडच्या सुलकाटाला कातडीचे जेवढे त्रास झाले, त्यातला एकच आजार होता. बाकी सगळं माझ्या घरातून, माझ्या हातून त्याच्यापर्यंत पोचलेलं होतं.

सोनचाफा | १३ जानेवारी, सकाळी ९:१०

ताई, वाचून वाईट वाटलं. तेलाऐवजी हळद आणि खोबरेल एकत्र लावून बघा. आमच्या मांजरीच्या जखमेवर गुण आला होता.

कूर्मगती | १३ जानेवारी, सकाळी ९:४५

सोनचाफा, तुमची तळमळ कळते, पण हळद आत्ता नको. ती सगळं पिवळं करून टाकेल आणि डॉक्टरांना लाली किती, कुठवर आहे ते दिसणारच नाही. रंग हाच आत्ता आपल्याकडचा पुरावा आहे.

तेलही आजपासून बंद करा. सासूबाईंना सांगा की माया कमी करायची नाहीये, फक्त रूप बदलायचंय. कासवाचं कवच म्हणजे लाकडी पेटी नाही. वर आपल्या नखासारखा थर, खाली जिवंत हाड, त्यात रक्त आणि संवेदना. बोट फिरवलं तर त्याला कळतं. तेलावर धूळ बसते, ढालींच्या फटींत तेल-धुळीचा चिखल साचतो आणि त्याखाली बुरशीला आयतं घर मिळतं. त्यात आपल्याकडची हवा. कोरडेपणा बाहेरून तेल लावून जात नाही, कारण तो बहुतेक वेळा आतल्या पाण्याचा असतो. पाणी द्यायचं ते डुंबवून.

चौथामजला | १३ जानेवारी, दुपारी २:१५

सगळं लिहिते.

मुलुंड पूर्वेला आमची चौथ्या मजल्यावरची सदनिका. हॉलच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी लाकडी खोकं केलंय, साडेतीन फूट बाय दोन. खाली वर्तमानपत्र. भावाकडे ती अतिनील किरणांची खास ट्यूब होती तीच वर लावली आहे. डिसेंबरात गारठा पडला तेव्हा यांनी शंभर वॅटचा बल्बही लावला, तो रात्रभर चालू असतो. दिवसा तो घरभर फिरतो. सकाळी खिडकीतून ऊन येतं, सरकती काच आहे, तिथे तासभर बसवतो.

अंघोळ आठवड्यातून एकदा, बादलीत. नोव्हेंबरअखेरपासून सोसायटीच्या टाकीचं काम चालू आहे, म्हणून वापरायला बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. महापालिकेचं पाणी फक्त प्यायला, सकाळी अर्धा तास.

फरशी मावशी दोन वेळा पुसतात. डिसेंबरात मुंग्या फार झाल्या म्हणून साध्या पाण्याऐवजी फिनाईल घालायला मीच सांगितलं.

खाणं: कोबी, काकडी, टोमॅटो, कधी पालक. भाऊ गवत द्यायचा म्हणे, पण मुंबईत रोज गवत आणायचं कुठून?

लिहितानाच काही काही लक्षात येतंय.

कूर्मगती | १३ जानेवारी, दुपारी ४:०५

ताई, तुम्ही इतकं नीट लिहिलंत की अर्धं काम झालं. बल्ब डिसेंबरात आला, टँकर नोव्हेंबरअखेर, फिनाईल डिसेंबरात, आणि त्रासही तेव्हाच.

फिनाईल आज, आत्ता बंद करा. आपण चपला घालून त्या फरशीवरून जातो. तो पोट टेकत, पाय घासत जातो, ओली फरशी असली तर ते त्याच्या कातडीत मुरतं. लाली नेमकी पोटाच्या मागच्या भागाला आणि मांड्यांच्या आत आहे, म्हणजे जिथे शरीर जमिनीला घासतं तिथेच. डॉक्टर तपासतीलच, पण माझा पहिला संशय तिथे. फरशी साध्या पाण्यानं दोन-तीनदा पुसून घ्या. मुंग्यांसाठी बेगॉनसारखं काही फवारत असाल तर तेही नको, त्याच्या आसपास तर नाहीच.

पांढरा थर: तुमच्या अंघोळीच्या बादलीला आतून पांढरं किटण धरलंय का? नळाच्या तोटीला? त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, फसफसलं तर चुना. (बादलीवर टाका, कासवावर नाही.) आपल्या तानसा, भातसा, वैतरणाच्या तलावांचं पाणी मऊ असतं, त्यानं असे थर धरत नाहीत. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. ते ढालींच्या खाचांत सुकतात आणि त्यावर तुमचं खोबरेल बसलं की थर पक्का होतो.

आणि कातडी. शंभर वॅटचा बल्ब, रात्रभर, साडेतीन फुटी खोक्यात, खाली कागद. डिजिटल तापमान-आर्द्रता मापकानं खोक्यातली आर्द्रता मोजा आणि आकडा इथे लिहा.

गिरगाव_चाळ | १३ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

मध्येच विचारतो, क्षमा असावी. आमच्याकडे पाण्यातली दोन कासवं आहेत, कानामागे लाल पट्टा असलेली. त्यांच्या पाठीवरून पारदर्शक पापुद्रे सुटतात, ढालीच्या आकाराचे, अगदी काचेच्या चकतीसारखे. हाही आजारच का?

पशुवैद्य_उपनगर | १३ जानेवारी, रात्री ९:२०

नाही. तुमची ती रेड-इअर्ड स्लायडर जातीची कासवं ढालींचा वरचा पापुद्रा अधूनमधून टाकतात, ते वाढीचं लक्षण आहे. सुटलेली चकती पातळ, स्वच्छ हवी आणि खालचं कवच टणक, गुळगुळीत. ओढून काढू नका. खाली खड्डा, भुरकट लगदा किंवा वास असेल तर कवच सडतंय, मग लगेच दाखवा. त्यांना पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होता येईल असा उंचवटा आणि थेट ऊन हवंच.

जमिनीवरची कासवं मात्र अशा ढाली टाकत नाहीत. त्यांची ढाल कडेनं वाढते, वर्तुळांवर वर्तुळं. म्हणून सुलकाटाची अख्खी ढाल सुटायला लागली तर ती धोक्याची खूण. उलट दोन ढालींच्या मधे फिकट, गुलाबीसर नवी रेघ दिसली तर ती नवी वाढ. घाबरून लोक ती घासत बसतात. मान आणि पायांची कातडी बारीक पापुद्र्यांनी सुटणं दोघांतही नेहमीचंच, फक्त ती सतत, जाड आणि भेगाळ असली तर काहीतरी चुकतंय.

आणि गिरगावकर, एक विनंती. ती दोन कधी जड झाली तर बाणगंगेत किंवा कुठल्याही तळ्यात सोडू नका. ही जात अमेरिकेतली, जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. आपल्याकडच्या देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा ती बळकावते.

चौथामजला | १४ जानेवारी, सकाळी ११:००

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा, तिळगूळ घ्या.

आर्द्रता मापक आणलं. खोक्यात २७ टक्के. हॉलमध्ये ५४. बल्बच्या खाली, त्याच्या पाठीच्या उंचीवर ठेवलं तर तापमान ४६. बघून मला रडू आलं. व्हिनेगर टाकल्यावर बादली फसफसली.

डॉक्टरांकडे कुठे जाऊ? ठाण्यापर्यंत किंवा शहरात कुठेही जायची तयारी आहे.

पशुवैद्य_उपनगर | १४ जानेवारी, दुपारी १२:४०

परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं, आणि तिथेच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला जुने लोक बैलघोड्याचं हॉस्पिटल म्हणतात. कुठेही जा, पण आधी फोन करून सरीसृप बघणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. हा एक प्रश्न विचारला की निम्मी धावाधाव वाचते.

नेताना भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टॉवेल घालून न्या, पाणी ठेवू नका, हलतं. आदल्या रात्रीपासून काहीही लावू नका, अंघोळीचं पाणीसुद्धा नको, कातडी जशी आहे तशी दिसू दे. ताजी विष्ठा छोट्या डबीत घ्या. तुमची कालची पोस्ट कागदावर उतरवून न्या, तीच खरी केस हिस्टरी आहे.

लालबागकर | १४ जानेवारी, रात्री ८:१५

माझ्या आजोळी एक कासव आहे, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. आजोबा शुभ म्हणून घेऊन आले होते. त्याचीही पाठ हल्ली पांढुरकी दिसते आणि एकेक ढाल उंच, टोकदार झाली आहे. त्यालाही हेच उपाय चालतील ना?

खाजण | १४ जानेवारी, रात्री ९:०५

लालबागकर, तुम्ही सांगताय ते तारा कासव. ती आपली देशी, रानातली जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते घरात ठेवता येत नाही आणि २०२२ च्या दुरुस्तीनं ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत गेलं आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ मध्ये साइटिसनं, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारानं, बंदी घातली. कारण हेच, शुभ म्हणून, वास्तूसाठी म्हणून पोत्यापोत्यांनी ती रानातून उचलली जातात.

आजोबांना तेव्हा हे माहीत नसेल. पण आता तुम्हाला माहीत झालंय. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि रीतसर सोपवा. शेतात किंवा टेकडीवर नेऊन सोडू नका. वर्षानुवर्षं घरात राहिलेलं कासव आजार घेऊन रानात जातं आणि तिथल्यांना देतं.

हे बाकीच्यांसाठीही: सुलकाटासारख्या परदेशी जातींची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. चौथामजला ताईंनी ती केली आहे, फार बरं वाटलं.

लालबागकर | १४ जानेवारी, रात्री ११:४०

आईशी बोललो. आजी तयार होईल का माहीत नाही, पण रविवारी जाऊन समजावतो.

चौथामजला | १७ जानेवारी, रात्री ९:३०

डॉक्टर भेटले. पाऊण तास बघितलं. कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली ना किडे, ना बुरशी. रक्त काढलं, त्यात जंतुसंसर्गाची खूण नाही. लाली रसायनानं भाजल्यासारखी, वरवरची. त्यासाठी पोव्हिडोन आयोडीन पाण्यात घालून, फिक्या कोऱ्या चहाचा रंग येईल इतकं पातळ, दिवसातून एकदा कापसानं लावायचं, दहा दिवस. बल्बखाली पाठीवर एका ढालीला किंचित भाजलंय, तेही भरून येईल म्हणाले.

पण ते सगळ्यात जास्त बोलले ते पाण्याबद्दल. त्याला तिथेच कोमट पाण्यात ठेवलं. दहा मिनिटांत त्यानं शी केली आणि त्याबरोबर पांढरं, वाळूसारखं खरखरीत काहीतरी. ते म्हणाले, हे युरेट. कासवाच्या लघवीतला पांढरा भाग दह्यासारखा मऊ असायला हवा. असा रेतीसारखा झाला म्हणजे शरीर पाण्याचा थेंब न् थेंब राखून ठेवतंय, आणि पुढे त्याचाच खडा होतो. आम्ही कातडीकडे बघत बसलो होतो आणि तो आतून सुकत होता.

कूर्मगती | १७ जानेवारी, रात्री १०:१५

वाचून हायसं वाटलं. आता घरची व्यवस्था बदलू.

आधी डुंबवणं. पसरट घमेलं किंवा परात घ्या, बादली नको, बादलीत तो घाबरतो. पाणी तुमच्या मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल एवढं, ३० अंशांच्या आसपास. खोली पाठीचं आणि पोटाचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत, डोकं सहज वर राहिलं पाहिजे. वीस मिनिटं. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून तीनदा. तो पाण्यात तोंड घालून बराच वेळ पितो, तेव्हा त्याला हलवू नका. यासाठी महापालिकेचं पाणी सकाळी एक कळशी वेगळं भरून ठेवा. पाठीवरचा थर मऊ टूथब्रशनं हलक्या हातानं, रोज थोडा थोडा. साबण नाही. झाल्यावर खाचा टिपून कोरड्या करा. घमेलं त्याचंच वेगळं ठेवा, स्वयंपाकघरात धुवू नका आणि हात साबणानं धुवा. निरोगी कासवाच्या अंगावरही साल्मोनेला असतो, घरात लहान मूल असेल तर जास्त जपायचं.

दुसरं, जमीन. कागद काढा. नर्सरीतून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणा, भिजवून घट्ट पिळा, चार-पाच बोटं जाड थर द्या. एका कोपऱ्यात प्लॅस्टिकचा क्रेट उपडा घालून दार कापा, आत कोकोपीट जरा जास्त ओलसर ठेवा. हा त्याचा खोपा. सुलकाटा सहाराच्या दक्षिणेच्या सुक्या पट्ट्यातला, साहेलमधला, म्हणून वर्षानुवर्षं लोकांनी त्याला खडखडीत कोरडं ठेवलं. मीही ठेवलं. पण तो तिथे उघड्यावर राहतच नाही, खोल बीळ खणतो, आणि बिळातली हवा दमट असते. ऑस्ट्रियात दोन संशोधकांनी सुलकाटाच्या पिल्लांवर प्रयोग करून २००३ मध्ये मांडलं की पाठीवर उंचवटे येण्यामागे खाण्यातल्या प्रथिनांपेक्षा हवेचा कोरडेपणा फार मोठं कारण आहे. माझ्या कासवाच्या पाठीवर पहिल्या तीन वर्षांचे उंचवटे अजून आहेत. ते आता जाणार नाहीत. दगडूची पाठ अजून बऱ्यापैकी सपाट असेल तर तुम्ही वेळेत जागे झालात.

रात्रीचा बल्ब काढा. मुंबईच्या घरात, खिडक्या लावल्या की जानेवारीतही त्याला पुरेशी ऊब असते. दिवसा एका टोकाला ३५ ते ३८ अंश, दुसऱ्या टोकाला २७-२८, म्हणजे तो स्वतः ठरवेल. मोजायचं त्याच्या पाठीच्या उंचीवर.

तिसरं, ऊन. काचेतून येणारं ऊन उबदार असतं, पण हाडांना लागणारे अतिनील-ब किरण काच अडवते. काच सरकवून थेट ऊन द्या, सकाळी नऊच्या आत, अर्धी सावली ठेवून आणि समोर बसून. कावळे आणि घारी या आकाराच्या कासवालाही टोचायला येतात. आणि ती ट्यूब भाऊ असल्यापासूनची म्हणजे किती जुनी? उजेड येत राहतो पण सहा महिने ते वर्षभरात किरण विरतात.

पशुवैद्य_उपनगर | १८ जानेवारी, सकाळी ८:३०

कूर्मगतींनी मला लिहायला फार ठेवलं नाही. फक्त खाणं. काकडी आणि टोमॅटो म्हणजे नुसतं पाणी, पालकात ऑक्झलेट असतं ते कॅल्शियम अडवतं, कोबी कधीतरी ठीक. सुलकाटा मुळात गवत खाणारा आहे.

ताई, गवत कुठून आणायचं विचारलंत. दूर्वा. परदेशात कासवं पाळणारे ज्याला बर्म्युडा गवत म्हणून शोधत फिरतात ती आपली दूर्वाच. मुलुंडच्या फुलवाल्याकडे रोज मिळेल, दादरला तर पाट्याच्या पाट्या असतात. दोन-तीनदा धुऊन, पाण्यात ठेवून मग द्या, फवारलेली असू शकते. शिवाय जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, फड्या निवडुंगाचे काटे काढलेले तुकडे, शेवग्याचा पाला थोडा. भोपळा आठवड्यातून एकदा. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मिळतो, पांढरा हलका तुकडा. तो खोक्यात ठेवा, तो स्वतः कुरतडेल.

चौथामजला | २६ जानेवारी, दुपारी १:२०

दहा दिवस झाले. मागच्या पायांची लाली गेली. पोटावरचा एक डाग फिका झालाय, एक अजून आहे. पाठीवरचा थर निम्मा उतरला आणि खालून मधासारखा रंग निघाला, तो आम्ही कधी पाहिलाच नव्हता.

मावशींना मी सांगितलं तेव्हा त्या फार हळहळल्या. म्हणाल्या, "ताई, माझ्याही हाताची सालं निघतात त्यानं." दोन वर्षं त्या आमच्याकडे येतात, मी कधी हात बघितले नव्हते त्यांचे. आता घरात फिनाईल आणायचंच नाही असं ठरवलं आहे. मुंग्यांच्या बिळांवर खडूची रेघ फक्त त्याच्या वाटेपासून लांब, बाल्कनीबाहेर.

सासूबाई तेलाच्या वेळेला आता घमेलं भरतात. वीस मिनिटं शेजारी पाटावर बसून हरिपाठ म्हणतात. तो मान लांब करून ऐकतो असं त्यांचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं.

लालबागकर | २ फेब्रुवारी, रात्री १०:००

आजीचं कासव काल वनखात्याच्या लोकांनी नेलं. फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी नीट बोलून समजावलं, आधी वैद्यकीय तपासणी होईल म्हणाले. आजी रडली. तिनं त्याला जायच्या आधी जास्वंदीचं फूल दिलं, ते त्यानं खाल्लं.

खाजण | २ फेब्रुवारी, रात्री १०:२५

आजींना माझा नमस्कार सांगा. हे सोपं नव्हतं.

सोनचाफा | १८ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

चौथामजला ताई, दगडू कसा आहे? मी रोज धागा उघडून बघते.

चौथामजला | १८ फेब्रुवारी, रात्री ९:५०

सोनचाफा, मनापासून आभार. आज वजन २ किलो ४१० ग्रॅम. दर रविवारी स्वयंपाकाच्या काट्यावर एकाच वेळी करते आणि वहीत लिहिते. खोक्यात आर्द्रता ६५ च्या आसपास, खोप्यात ८०. युरेट मऊ झालं. मानेवर अजून बारीक पापुद्रे सुटतात, पण खालची कातडी मऊ आणि राखाडी-पिवळसर, भेगा नाहीत. डॉक्टर म्हणाले हे सुटणं आता नेहमीचं. पोटावरचा शेवटचा डाग परवा गेला.

ट्यूब अडीच वर्षं जुनी निघाली. भाऊ फोनवर गप्पच झाला. नवीन लावली.

कूर्मगती दादा, एक विचारायचं राहिलं. जूनपासून इथे हवाच ८५-९० टक्के दमट असते. मग कोकोपीट ओलं ठेवायचं का? आणि महिना-महिना ऊन नसतं तेव्हा?

कूर्मगती | १८ फेब्रुवारी, रात्री १०:३०

पावसाळ्यात उलटं करायचं. कोकोपीट जवळजवळ कोरडं, आठवड्याला वरखाली करून वाळवायचं, आणि पंखा लांबून हवा खेळती ठेवेल असा. दमट आणि गार एकत्र आलं की बुरशी आणि सर्दी दोन्ही होतात, म्हणून दिवसाचा ऊबदार कोपरा पावसाळ्यात चुकवायचा नाही. डुंबवणं चालू, पण नंतर काखा आणि मांड्यांच्या घड्या नीट टिपायच्या. ऊन नसलेल्या दिवसांत सगळी भिस्त ट्यूबवर, तेव्हा ती नवी आहे हे बरंच झालं, दिवसाला दहा-बारा तास चालू ठेवा.

आणखी एक. हा ४० किलोच्या पुढे जाऊ शकणारा प्राणी आहे. मुलुंडच्या हॉलमध्ये अजून पाच-सहा वर्षं निभेल. माझ्याकडे वसईला वाडी आहे, कुंपण आहे, आणि जागा आहे. आत्ता काही ठरवू नका. पण तो वाढताना मनावर ओझं आलं तर रीतसर नोंद बदलून मी घ्यायला तयार आहे, आणि तुम्ही सगळे केव्हाही भेटायला या.

चौथामजला | १८ फेब्रुवारी, रात्री ११:०५

दादा, हे वाचून यांना दाखवलं. दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मे महिन्यात मुलांच्या परीक्षा झाल्या की एकदा वसईला येतो, दगडूला घेऊन. कालनिर्णयवर ३० मे ला 'कोकोपीट वाळवणे' लिहून ठेवलंय, त्याच्या आधीचा एखादा रविवार सांगा.